औषधखिडकीच्या पलीकडचा रॅक

गेली आठ वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेतो. सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातलं, खाडीकाठचं केंद्र. घरापासून साडेचार किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर घाटीचा चढ. डॉक्टरांविषयी लोक भरभरून बोलतात, बरं आणि वाईटही. औषधखिडकीविषयी मात्र गोळ्या मिळाल्या किंवा नाही मिळाल्या, याच्या पुढे कुणी जात नाही. मी बसगाड्यांच्या आगारात एकतीस वर्षं भांडारपाल होतो. ब्रेक लायनर, फॅन बेल्ट, क्लच प्लेटी यांत आयुष्य गेलं. खिडकीपलीकडे रॅक दिसला की माझी नजर आपोआप बिन कार्ड, म्हणजे कप्प्याला लावलेलं हिशेबाचं कार्ड, शोधते. हा अभिप्राय त्या खिडकीचा आणि तिच्यामागच्या खोलीचा आहे. पाचपैकी चार गुण.

आधी मिळतं काय ते. केसपेपर काढायचा, सिस्टर दाब मोजतात, कार्डावर आकडा लिहितात आणि खिडकीवर तीस दिवसांच्या गोळ्या एकदम हातात पडतात. गोळ्यांना पैसा लागत नाही. पूर्वी सात-दहा दिवसांच्याच मिळायच्या. मला निवृत्तीनंतर वेळच वेळ, पण रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जाणाऱ्या माणसाची दर आठवड्याला एक मजुरी बुडायची. तो तिसऱ्या खेपेला यायचाच बंद व्हायचा. दाब असा आजार आहे की गोळी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, त्यामुळे थांबलेला माणूस परत येत नाही.

हा बदल सिंधुदुर्गात लवकर आला. २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सातारा आणि वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग निवडला गेला होता. त्यांनी केलेली एक गोष्ट माझ्यातल्या भांडारपालाला फार आवडली. उपचाराचा क्रम ठरवून दिला आणि गोळ्यांची नावं मोजकी ठेवली. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. डॉक्टर बदलले तरी गोळी बदलत नाही. आगारात पाच तऱ्हेच्या गाड्या असल्या की पाच तऱ्हेचे सुटे भाग ठेवावे लागतात, त्यातले चार पडून राहतात आणि पाचवा नेमका संपतो. एकाच बनावटीच्या गाड्या असल्या की भांडार निम्म्या जागेत मावतं आणि किती मागवायचं ते डोळे मिटून सांगता येतं. इथे तेच झालंय.

खोली आतून बघायचा योग आला तो गेल्या पावसाळ्यात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, औषधांची गाडी आली होती, शिपाई रजेवर, वर पाऊस धरलेला. खोकी उतरवायला मी हात लावला. खिडकीवर बसणाऱ्या औषध निर्माण अधिकारी घाटावरच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. लोक त्यांना अजून कंपाउंडर बाईच म्हणतात. मला त्या काका म्हणतात. त्यांच्या परवानगीने मी खोली नीट पाहिली.

खोकी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासूनही वीतभर लांब. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती जुलैत घाम फुटल्यासारख्या पाझरतात, टेकवून ठेवलेला खोका आठवड्यात मऊ पडतो. प्रत्येक कप्प्याला कार्ड. आलेले, गेलेले, शिल्लक. मी मुद्दाम एक कप्पा मोजला: कार्डावर अॅम्लोडिपिनच्या ४६ पट्ट्या आणि कप्प्यात ४६. सगळा हिशेब संगणकावर ई-औषधी या सरकारी प्रणालीतही भरावा लागतो, पण लाईट आणि नेट दोन्ही गेल्यावर कार्डच कामाला येतं, हे त्या बाईंना पक्कं माहीत आहे.

त्यांच्याकडून एक गोष्ट मी नव्याने शिकलो. आमच्या भांडारात नियम होता, आधी आलेला माल आधी बाहेर. औषधांत तसं चालत नाही. नंतर आलेल्या खोक्याची मुदत कधीकधी आधी संपते. म्हणून ज्याची मुदत आधी संपणार, ते आधी बाहेर. प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना लाल पेन्सिलीने ठळक लिहिलेला, आणि तीन महिन्यांच्या आत संपणारा माल डोळ्यांच्या उंचीवर. जो आपल्याकडे खपणार नाही तो वेळेत शेजारच्या केंद्राला पाठवतात आणि त्यांच्याकडचा जादा आणतात.

लसींचा आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज, दुसऱ्या खोलीत. त्याचं झाकण वर उघडतं. थंड हवा जड, ती खालीच राहते, म्हणून घरच्या फ्रिजसारखी उघडल्याबरोबर बाहेर सांडत नाही. आत दोन ते आठ अंश. सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद, शिवाय तापमान बिघडलं तर मोबाइलवर इशारा पाठवणारं यंत्र. मला वाटायचं लस जितकी गार तितकी चांगली. तसं नाही. पेंटाव्हॅलंट, धनुर्वाताची टीडी या गोठल्या की फुकट जातात. बाटलीवरच्या लेबलवर एक गोल आणि आत फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो गोलाच्या रंगाला भिडला की बाटली बाद. माल स्वतःच सांगतो की मला वाटेत ऊन लागलं होतं. अशी सोय आमच्या रबरी सीलांना असती तर किती ब्रेक वाचले असते!

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती. तेव्हाच्या सिस्टरनी आयएलआरचं झाकण उघडूच दिलं नाही, आणि रस्त्यावरची झाडं हटल्यावर आईस पॅक लावलेल्या कोल्ड बॉक्समधून सगळ्या लसी जनरेटर असलेल्या ठिकाणी हलवल्या. त्यांचं कौतुक कुठे छापून आलेलं मी पाहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आता फुरशाचं, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाचं. आमच्या चिरेखाणींत आणि बागांच्या गडग्यांत फुरसं फार. गेल्या ऑक्टोबरात भातकापणीच्या दिवसांत वाडीतल्या एकाला चिरा उचलताना बोटाला चावलं. वीस मिनिटांत रिक्षाने केंद्रात पोचवला. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेतलं, नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवली आणि मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. प्रतिविष कपाटात होतं. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, एक-दोन असून भागत नाही. ते चढवलं आणि मग पुढे पाठवलं. आज तो माणूस परत खाणीवर आहे.

वर्षातून चार-पाचदाच लागणारी आणि महाग अशी ही वस्तू. खपाच्या हिशेबाने बघणारा कारकून ती आधी छाटेल. आमच्याकडे सुट्या भागांची व्हीईडी वर्गवारी असे: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. व्हायटल वस्तू वर्षभर हलली नाही तरी कप्पा रिकामा ठेवायचा नाही. औषधांच्या भांडारातही हीच वर्गवारी चालते, हे कळलं तेव्हा मला परक्या गावात आपली भाषा ऐकू आल्यासारखं झालं. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची साधी गोळी जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये मांडलं, आणि ते संशोधन कोकणातल्याच रुग्णांवर झालं. गोळी स्वस्त आहे, पण मध्यरात्री आलेल्या पोरासाठी ती आधीपासून कपाटात असायला लागते. आमच्या कपाटात ती आहे. विचारून, बघून लिहितोय.

मोसमाचं गणितही या खिडकीला जमतं. लावणीच्या आधी लेप्टोच्या तापासाठी डॉक्सिसायक्लिन येऊन पडलेली असते. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की बाहेरगावचे खलाशी बंदरात येतात, त्याच्या आधी मलेरियाच्या तपासणीचे किट. आणि गणपती! पाच-सात दिवसांसाठी आलेले चाकरमानी गोळ्या मुंबईलाच विसरून येतात. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी खिडकीवर निम्मी रांग त्यांची असते. बाईंनी पहिल्या वर्षी मार खाल्ला, दुसऱ्या वर्षी जुलैतच वाढीव मागणी केली.

एवढं असून एक गुण का कापला?

फेब्रुवारीपासून टेल्मिसार्टन पाच आठवडे नव्हती. माल आला नाही, शेजारच्या केंद्रातही संपली होती. मी बाहेरून विकत घेतली, मला परवडते. आमच्या शेजारच्या आजींना परवडत नाही. मार्चमध्ये सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एक दिस सोडून एक खातंय रे झिला, म्हणजे पुरतत." डिसेंबरपासून मिळालेल्या गोळ्या त्यांनी अशा लांबवल्या होत्या. दाब १८० वर गेला होता. त्या खिडकीवर दोनदा जाऊन परत आल्या होत्या आणि त्या दोन्ही खेपांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

मला राग आला तो याचा. माल संपतो, कुठल्याही भांडारात संपतो. पण संपलेल्या मालाची मागणी कागदावर शून्य दिसते. समजा महिन्याला २,००० गोळ्या जातात. डिसेंबरात २,०००, जानेवारीत २,०००, फेब्रुवारीत माल नाही म्हणून शून्य. तीन महिन्यांची सरासरी काढली की येतात १,३३३. तोच आकडा मागणीपत्रकात गेला तर पुढच्या वेळी माल आणखी आधी संपणार. सरासरी माल हातात होता तेवढ्याच दिवसांवर काढायला हवी. मी नवा होतो तेव्हा ही चूक एका सीलच्या बाबतीत केली होती आणि चार गाड्या उभ्या राहिल्या होत्या. माझ्या साहेबांनी मला तेव्हा एक वेगळी वही घालायला लावली. मागितलं आणि मिळालं नाही, ते सगळं तिच्यात.

याची उलटी चूकही सगळीकडे चालते. मागितल्याच्या निम्मं येतं, म्हणून माणूस दुप्पट मागतो. सगळेच दुप्पट मागायला लागले की वर बसलेल्याला खरी गरज कळेनाशी होते. मग एका केंद्रात खोकी मुदतबाह्य होतात आणि दुसरीकडे आजी एक दिवसाआड गोळी खातात. तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं आहेत, औषध वाटण्याआधी नमुना तपासला जातो, आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक असतं. त्यात ठरलेल्या रकमेपर्यंत त्यांनी आपल्याला हवं ते उचलायचं. आपल्या खात्यात किती उरलंय हे दिसत असलं की माणूस उगाच फुगवून मागत नाही. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी प्राधिकरण झालं आहे. पासबुकाची पद्धत आपल्याकडच्या शेवटच्या केंद्रापर्यंत यावी, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक लहान तक्रार. पट्टी कापून देतात तेव्हा मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि नाव दुसऱ्यावर. घरी दोघं नवरा-बायको गोळ्या खाणारे असले की डब्यात कुठली कुणाची कळत नाही. अख्ख्या पट्ट्याच द्याव्यात, आणि कापायचीच झाली तर कागदाच्या पुडीवर नाव नि तारीख लिहावी.

एप्रिलमध्ये गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा शंभरपानी वही सोबत नेली होती. बाईंना फेब्रुवारीचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, वही ठेवून घेतली, एवढंच म्हणाल्या, "काका, यात एक रकाना वाढवते."

जूनला परत गेलो. बाहेर पावसाची झोड, रांगेत आम्ही तिघंच. वही खिडकीच्या आतल्या बाजूला सुतळीने बांधलेली होती. पहिल्या पानावर चार रकाने: तारीख, नाव, काय मिळालं नाही, आणि बाईंनी वाढवलेला चौथा, फोन करून कळवलं. अकरा नोंदी होत्या. सातवी आमच्या शेजारच्या आजींची, टेल्मिसार्टन, २८ मे. माल २ जूनला आला होता. चौथ्या रकान्यात तीच तारीख होती आणि पुढे लाल पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण.