बाबांची एमसीआर चप्पल, आठ महिने वापरल्यानंतर

बाबांना शुगर होऊन १९ वर्षं झाली. पायाला मुंग्या येतात, बधीर वाटतं असं ते सांगायचे पण आम्ही कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग एका संध्याकाळी आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, दारापासून थेट सोफ्यापर्यंत. बघितलं तर रोजच्या अंगठ्याच्या चपलेला दुरुस्तीत ठोकलेला बारीक खिळा वर आलेला आणि बाबा त्याच चपलेवर दिवसभर बाजार, बँक सगळं फिरून आलेले, त्यांना काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. जखम भरायला अडीच महिने लागले, अंगठा वाचला हे नशीब.

डॉक्टरांनी तेव्हा नायलॉनच्या दोऱ्यासारख्या काडीने टेस्ट केली, १० ग्रॅमचा दाब देते ती. बाबांना डोळे मिटायला सांगितले, टोचलं की हो म्हणा. काडी अंगठ्याखाली टेकवून वाकेपर्यंत दाबली, चार-पाच ठिकाणी, बाबा शांत, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "करा की सुरू डॉक्टर." माझ्या डोळ्यात पाणीच आलं. शुगरने नसा गेल्यात म्हटल्यावर डोळ्याचा पडदा आणि किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) पण लगेच तपासून घेतलं, पडद्यावर थोडे डाग निघाले, किडनी ठीक आहे.

आता चपलेचं. एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, कुष्ठरोगाच्या पेशंटना आपल्याकडे कितीतरी वर्षांपासून ह्याच रबराच्या चपला देतात, कारण त्यांच्याही पायाला कळत नाही. अंगठ्याने दाबलं की दबतं आणि परत वर येतं, त्यामुळे वजन एकाच जागी न पडता तळव्याला सगळीकडे वाटलं जातं. खालचा सोल मात्र कडक, काटा-काच सहज आत येत नाही. चिकटवून शिवलेली आहे, एकही खिळा नाही, आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच.

पहिली जोडी ऑनलाइन मागवली ती चूक झाली, करंगळीच्या बाजूला दोन दिवसांत लाल झालं, परत केली. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी सांगितलं संध्याकाळी या, सकाळपेक्षा पाय सुजलेले असतात तेव्हाचं माप खरं. उभं करून दोन्ही पाय कागदावर काढून घेतले, बाबांचा उजवा थोडा मोठा निघाला, तर मोठ्या पायाच्या मापाने दिली. मागे टाचेला पट्टा हवाच म्हणाले, कारण पाय बधीर असला की चप्पल सुटून मागे राहते तरी माणूस तसाच चालत राहतो, आणि हे आमच्याकडे खरंच दोनदा झालंय!! पुढचे दोन्ही पट्टे वेल्क्रोचे, सूज असेल तसे सैल करता येतात. पहिला आठवडा रोज एकच तास घरात घाला आणि काढल्यावर तळवे बघा, हेही त्यांनीच सांगितलं. १,४५० रुपये घेतले, मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

कमी म्हणाल तर दिसायला चांगली नाही, बाबा लग्नाला घालायला तयार नव्हते, बरीच समजूत काढावी लागली. पावसात भिजली की वाळायला वेळ लागतो. वेल्क्रोत केस, धागे अडकून पकड कमी होते, जुन्या टूथब्रशने साफ करावं लागतं. आणि सहा महिन्यांनी अंगठ्याच्या खाली रबर दबून चपटं झालं, वर येईना, तेव्हा वरून चांगली दिसत असली तरी बदला. आम्ही गेल्या आठवड्यात दुसरी जोडी त्याच दुकानातून घेतली.

आई आता रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बाबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते, सकाळी चप्पल उलटी करून झटकते, मगच त्यांच्यासमोर ठेवते.