ग्रामीण डाक सेवक भरती : मुलाखत नाही, परीक्षा नाही, मग अडते कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये भारतीय डाक विभागाने देशभरातील 21,413 ग्रामीण डाक सेवकांच्या जागांसाठी अर्ज मागवले, तेव्हा पुतणीचा अर्ज भरताना मी ही प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. खेड्यापाड्यांत टपाल वाटणारा माणूस आज बहुतांशी याच वाटेने खात्यात येतो, त्यामुळे उमेदवार आणि पालक या दोघांच्याही दृष्टीने तिचे परीक्षण व्हायला हवे.

सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही, साहजिकच कोणाच्या ओळखीपाळखीला वावही नाही. दहावीच्या गुणांची टक्केवारी दशांशचिन्हानंतर चार अंकांपर्यंत काढली जाते आणि तिच्यावरून संगणक यादी लावतो. गुण समान असले तर वयाने मोठा उमेदवार वर जातो. शुल्क 100 रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ आहे. (आमच्या गावाजवळच्या एका नेट कॅफेने मात्र या माफ असलेल्या अर्जाचे अडीचशे रुपये घेतले आणि वर वडिलांच्या नावात चूक करून ठेवली. अर्ज घरीच, गुणपत्रक शेजारी ठेवून भरावा.)

मला खटकते ते याच सोपेपणाच्या पोटात दडलेले आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मिळालेला एक आकडा पुढे चाळिशीपर्यंत, म्हणजे वयोमर्यादा संपेपर्यंत, उमेदवाराची साथ सोडत नाही. पुतणी पदवीधर आहे, संगणक उत्तम चालवते, पण तिचे दहावीचे गुण 78 टक्के, आणि बारावी किंवा पदवीला या यादीत काडीचीही किंमत नाही. सायकल चालवता येणे ही अट आहे, ती योग्यच. परंतु वाड्यावस्त्यांवर मनीऑर्डर पोचवणाऱ्याचा चोखपणा आणि लोकांशी वागण्याची रीत जोखण्याची सोय या पद्धतीत कुठेच नाही.

दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी, ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पत्त्यावर केवळ ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा विचारपूस मराठीतच करावी लागते.

जाहिरातीतील बारीक अक्षरातला मजकूर मात्र पुष्कळजण वाचत नाहीत. हे काम दिवसाला साधारण चार ते पाच तासांचे असते, आणि ग्रामीण डाक सेवक हा खात्याचा नियमित कर्मचारी नसतो. या भरतीतल्या पदांपैकी शाखा डाकपालाला, म्हणजे गावच्या टपाल कार्यालयाच्या प्रमुखाला, दरमहा 12,000 रुपयांपासून, तर सहायक शाखा डाकपाल व डाक सेवक यांना 10,000 रुपयांपासून मोबदला आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. उपजीविकेचे दुसरे साधन असावे, अशी अटच आहे. शाखा डाकपालाने टपाल कार्यालयासाठी जागा स्वतः द्यायची आणि त्याच गावात राहायचे. शहरातल्या मुलाने अर्जातल्या गावांच्या पसंतीक्रमात दूरच्या दुर्गम गावाचे नाव टाकले आणि निवड झाली, की कागदपत्रांच्या पडताळणीनंतर अनेकदा तो रुजूच होत नाही; जागा रिकामी राहते आणि पुढची यादी लागते. दुसरी, तिसरी, चौथी अशा याद्या निघत राहतात, त्यामागचे हे एक कारण आहे.

पुतणीचे नाव कोणत्याच यादीत आले नाही. पुढच्या वेळी अर्ज करताना ती पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर आजोळचे गाव टाकणार आहे, कारण तिथे राहायला घर आहे.