वाचनालयाचा व्हॉट्सॲप गट आणि बाकीची खाती

पुण्यातील एका जुन्या पेठेतल्या वाचनालयाची मी अकरा वर्षे सभासद आहे. गेल्या दोनेक वर्षांत या वाचनालयाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप अशा तिन्ही ठिकाणी बस्तान मांडले असून, तिन्हींचा नियमित अनुभव घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, सभासदाच्या खरोखर उपयोगी पडतो तो व्हॉट्सॲपचा गटच.

गटाची रीत साधी आहे. सकाळी दहाच्या सुमारास देवघेव विभागातील ताई आदल्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांचे छायाचित्र टाकतात. पुस्तके टेबलावर अशी मांडलेली असतात की, कण्यावरच्या चिठ्ठीतील दाखल क्रमांक मोबाइलवरही वाचता यावा. हवे ते पुस्तक दिसले की आपला सभासद क्रमांक आणि हा दाखल क्रमांक लिहायचा. थोड्याच वेळात ‘ठेवले आहे, उद्या संध्याकाळी सातपर्यंत न्यावे’ असे उत्तर येते. सात वाजून गेले की पुस्तक पुढच्या मागणीदाराकडे जाते आणि त्यात कोणाचीही भीड धरली जात नाही, हे मला विशेष आवडले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. कोथरूडहून बसने येणाऱ्या सभासदाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर ‘तो अंक आला का हो?’ या प्रश्नासाठी काउंटरवर होणारी गर्दी या गटामुळे बरीच ओसरली आहे. सुप्रभाताचे संदेश टाकणाऱ्यास ग्रंथपाल एकदा समज देतात आणि दुसऱ्यांदा गटातून काढतात, हेही नोंदवले पाहिजे.

इन्स्टाग्रामविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला जे चित्र टाकले होते, त्यात डॉ. कलामांपेक्षा कार्यकारिणीचे चेहरे मोठे होते आणि त्या दिवशी वाचण्यासारखे एकही पुस्तक सुचवलेले नव्हते. फेसबुकवर शाल-श्रीफळाची छायाचित्रे भरपूर असतात. त्यांचा राग येत नाही. पण पुस्तकमोजणीसाठी वाचनालय दोन दिवस बंद राहणार असल्याची सूचना फक्त तेथेच, एका सत्काराच्या छायाचित्रांखाली दिली गेली. मी चार जाडजूड पुस्तके पिशवीत घेऊन बंद दारापर्यंत गेले, कुलूप पाहिले आणि तशीच परतले.

आता गट बंद करून चॅनेल सुरू करण्याचा विचार कार्यालयात चालू असल्याचे कानावर आले. त्यामागची अडचण खरी आहे. व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ जणच मावतात, आणि गटात प्रत्येकाचा फोन क्रमांक इतरांना दिसतो, ज्याबद्दल काही सभासद भगिनींनी नाराजी कळवली आहे. भारतात सप्टेंबर २०२३ पासून मिळणाऱ्या चॅनेलमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत. मात्र तेथे वाचकाला अंगठा दाखवण्यापलीकडे काही बोलता येत नाही. दाखल क्रमांक लिहून मागणी करण्याची सोयच त्यामुळे जाईल. माझ्या मते सुट्ट्या, वेळा आणि परत आलेल्या पुस्तकांची छायाचित्रे चॅनेलवर द्यावीत, आणि मागणी मात्र देवघेव विभागाच्या क्रमांकावर खासगी संदेशाने घ्यावी. तेवढ्यासाठी काउंटरवरचा तो जुना फोन बदलावा लागेल. त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते.