विशेषणं धुतली, क्रियापदं राहिली: गोव्यावरच्या सहा चित्रपुस्तकांचा संच

गोव्यातल्या कामधंद्यांवर मराठीत चित्रपुस्तकं फारशी निघत नाहीत. त्यामुळे पोदेर (पाववाला), रेंदेर (माडाची सूर काढणारा), मासळीबाजार, मिठागर, चवथ (गणेशचतुर्थी) आणि सांजाव (सेंट जॉनचा पावसाळी सण) असे सहा विषय घेतलेला हा संच पणजीच्या दुकानात दिसला की उचलावासा वाटतो. प्रत्येकी २४ पानं, मध्ये दोन पिना, वयोगट चार ते आठ. प्रकाशकाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. पुढचे दोष मराठी बालपुस्तकांत सर्रास आढळतात, एकट्यालाच धारेवर धरण्यात अर्थ नाही.

चित्रं उत्तम. शिंपल्यांच्या खिडक्या, रेंदेराच्या कमरेची काती म्हणजे कोयती, पोदेराच्या सायकलीमागची झाकलेली टोपली आणि तिच्यातले उंडे, पोई, कांकणं असे पावाचे प्रकार, सगळं नीट पाहून काढलेलं आहे. संपादकांनी विशेषणांवरही मेहनत घेतली आहे. गोरीपान, काळाकुट्ट, जाड्या, बावळट यांतलं काही सापडत नाही. मासळी विकणारी सावळी आहे आणि हसरी आहे. 'सावळी पण हसरी' नाही. हा 'पण' काढायला लक्ष लागतं.

क्रियापदांकडे मात्र कोणी पाहिलेलं दिसत नाही, आणि मराठीत आदर तिथेच तर बसलेला असतो. पोदेर 'येतो', त्याच पानावर मास्तर 'येतात'. बाजारात डॉक्टरबाई 'विचारतात', मासळी विकणारी 'सांगते'. चित्रात दोघी एकाच वयाच्या आहेत. आदरार्थी अनेकवचन म्हणजे काय हे मुलाला कोणी शिकवत नाही, पण कोणाला 'तो' म्हणायचं आणि कोणाला 'ते' हा हिशेब ते अशाच पानांवरून उचलतं. पुस्तकातला भेदभाव शोधायच्या, इंग्रजीवरून घेतलेल्या तपासयाद्यांत हा मुद्दा येतच नाही, कारण तिथल्या क्रियापदाला हा भेद माहीत नाही. त्या याद्या पास झालेलं मराठी पुस्तक म्हणूनच बिनधास्त छापू नये.

तपासायची रीत सोपी आहे. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं क्रियापद शोधा. एकवचनाखाली एक रंग, आदरार्थीखाली दुसरा. मग धंद्यांची अदलाबदल करून तेच पान मोठ्याने वाचा: 'डॉक्टर आला, पोदेर आले.' जिथे कान अडखळतो तिथे दोष आहे. २४ पानांच्या पुस्तकाला दहा मिनिटं पुरतात.

दुरुस्ती करताना घाई नडते. सरसकट 'येतात' केलं तर 'पोदेर येतात' म्हणजे एक की चार, हे कळत नाही. म्हणून पुष्कळ संपादक 'काका', 'मावशी' जोडतात. त्यात नवा खड्डा आहे: शाळेत नि दवाखान्यात 'मावशी' म्हणजे झाडलोट करणारी बाई, असंच होत चाललं आहे. डॉक्टरांना नाव-आडनाव आणि मासळीवालीला नुसती मावशी, हे आदराचं सोंग झालं. या संचात डॉक्टरबाईंच्या पाटीवर पूर्ण नाव आहे, मासळीवालीला सोळाव्या पानापर्यंत नावच नाही. तिला नाव द्यावं, क्रियापद आपोआप सावरतं.

शेवटच्या पानावरच्या उपक्रमांत दुसरी गफलत आहे. 'मी आज कुठे गेलो? मी काय खातो?' हे वाचणारी निम्मी मुलं मुली आहेत. 'गेलो/गेले' अशी तिरकी रेघ सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, तिथे अडखळायलाच होतं. पण मराठीतच वाट आहे: 'मी काय पाहिलं?', 'मी काय खाल्लं?', 'मला काय आवडतं?', 'आपण रंगवूया'. यांत बोलणाऱ्याचं लिंग येतच नाही. मिठागराच्या पुस्तकात नेमकं असंच केलं आहे. बाकी पाचांत का नाही, कोण जाणे.

रेंदेराच्या गोष्टीतली धाकटी बहीण 'ते आलं, ते हसलं' अशी वावरते. मजकूर कोकणीवरून मराठीत आणलेला असावा. गोव्याच्या कोकणीत लहान मुलीला 'तें' म्हणणं रोजचं आणि लाडाचं आहे. मराठीत तेच उतरलं की मुलगी वस्तू होते. अनुवादकाने शब्द सांभाळला, माया हरवली. इथे 'ती' हवं, आणि लाड हवा असेल तर टोपणनाव.

सगळ्यांत जास्त खटकलं ते चवथीचं पुस्तक. 'आपण माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधतो' हे ठीक. पण शेजारच्या घराचं पान येतं आणि 'त्यांचा नाताळ', 'त्यांचं फेस्त' (चर्चचा उत्सव). गोव्याच्या मराठी वर्गात पुस्तक हातात धरणारं मूल या 'त्यां'मधलंही असू शकतं. शेवटच्या शब्दार्थांत तर 'घाटी: घाटावरून आलेला माणूस' असं निरागसपणे छापलं आहे. इथे तो शब्द शिवीसारखा फेकला जातो, आणि मराठी प्राथमिक शाळांत घाटापलीकडून आलेल्या घरांतली मुलं बसतात. भाजी बेळगावहून आली हे सांगायला 'बेळगावची भाजी' पुरेसं होतं. माणसाला लेबल लावायचं काही कारण नव्हतं.

म्हणींच्या पानावर 'वासरात लंगडी गाय शहाणी' आहे. म्हणी भाषेतून खोडून काढाव्यात असं आमचं मत नाही. दहा वर्षांच्या मुलाशी त्यांवर बोलता येतं. चार वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात 'थेंबे थेंबे तळे साचे' घातली तर काही बिघडत नाही.

आता दुरुस्तीच्या खर्चाचं, कारण प्रकाशक तिथेच हात वर करतात. छपाईत प्रत्येक रंगाच्या शाईला वेगळी प्लेट असते. मजकूर निव्वळ काळ्या शाईत, चित्रावर छापलेला असेल तर पुनर्मुद्रणात फक्त काळ्याची प्लेट बदलावी लागते. या संचात संवाद गडद निळ्या आकाशात पांढऱ्या अक्षरांत सोडले आहेत. नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते, तिथे कागदच दिसतो. त्यामुळे 'आला'चं 'आले' करायला एक मात्रा पुरते खरी, पण त्या निळ्यात जितके रंग आहेत तितक्या प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. भाषेची तपासणी पानांची मांडणी पक्की होण्याआधी, साध्या मजकुरावर व्हायला हवी ती यासाठी. वरून स्टिकर चिकटवणं हा उपाय नव्हे. लहान मूल सर्वांत आधी स्टिकर सोलतं आणि खालचा शब्द मोठ्याने वाचतं.

पुस्तकं सुटी मिळतात, तेव्हा मिठागर आणि सांजाव ही दोन डोळे मिटून घ्या. सांजावाच्या पुस्तकात २४ जूनला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उडी टाकणारी सगळी मुलं 'आपण' आहेत, धर्माचा खुलासा एका वाक्यात येतो आणि गोष्ट पाण्यात परत जाते. मासळीबाजार चित्रांसाठी घ्या, वाचून दाखवताना क्रियापदं तोंडीच बदला. पोदेर आणि रेंदेर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकतात. चवथीचं दुकानातच उभ्याने चाळा, आणि शब्दार्थांचं पान तसंच असेल तर परत ठेवा.