निट टॉप मागवायचा की वोव्हन? ऑर्डरआधी हेडिंग ठरवा

परदेशातून लेडीज टॉप मागवणारे बरेच जण आधी भाव पक्का करतात, ॲडव्हान्स पाठवतात आणि एचएस कोडचा, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचं वर्गीकरण करणाऱ्या आकड्याचा, विचार कंटेनर न्हावा शेवा बंदराला लागल्यावर करतात. क्रम उलटा हवा. नमुना मागवा, हातात घ्या, मगच पैसे पाठवा. सप्लायरने बिलात ‘फॅन्सी टॉप’ लिहिलं म्हणून हेडिंग, म्हणजे त्या कोडचे पहिले चार अंक, ठरत नाही. ते कापड आणि शिलाईवरून ठरतं.

निट म्हणजे होजिअरीचं, टाक्यात टाका गुंफलेलं कापड. ते टॅरिफच्या, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकाच्या, प्रकरण 61 मध्ये. वोव्हन म्हणजे मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं; ते प्रकरण 62 मध्ये. कापड ताणलं जातं म्हणून निट समजू नका, इलास्टेन हा ताणणारा धागा घातलेलं वोव्हनही ताणलं जातं. शिलाईच्या आतली कच्ची कड उसवून पाहा. सरळ धागे सुटे निघाले तर वोव्हन.

आता ब्लाउज किंवा शर्ट प्रकारातला टॉप घ्या. वोव्हन असेल तर 6206, निट असेल तर 6106. दोन्हीकडे एक अट सारखी आहे: कमरेखाली खिसा, खाली रिबची पट्टी किंवा घेर आवळायची सोय असेल तर तो टॉप या हेडिंगमधून बाहेर. गेल्या हंगामात माझ्या टेबलावर एक निट टॉप आला होता. समोरून साधा ब्लाउज, कागदांवर 6106. हेम, म्हणजे खालची दुमडलेली कड, उलटी केली तर आत बोटभर रुंद बोगदा आणि त्यात त्याच रंगाची बारीक नाडी! फोटोत ती दिसणं शक्यच नव्हतं. त्या नाडीमुळे सगळे कागद पुन्हा करावे लागले आणि माल तोवर अडून राहिला.

निटमध्ये आणखी एक चाळणी आहे. किमान 10 बाय 10 सेंटीमीटर भागावर मोजून दोन्ही दिशांना सरासरी सेंटीमीटरला 10 पेक्षा कमी टाके भरले, तर जाड विणीचा तो टॉप 6106 मध्ये बसत नाही. शिवाय टी-शर्टचं 6109 आणि पुलोव्हर-कार्डिगनचं 6110 शेजारीच आहेत. म्हणून पहिल्यांदाच आयात करत असाल तर माझं मत वोव्हनच्या बाजूने. तिथे वाद कमी होतात. उदाहरणार्थ, वोव्हन सुती कुर्ता-सलवारला, दुपट्टा असो वा नसो, आपल्या टॅरिफमध्ये 6211 42 10 ही स्वतंत्र ओळच आहे.

धाग्याच्या हिशेबात मात्र निट-वोव्हन दोघांना नियम एकच, आणि चुकाही इथेच जास्त होतात. लेबलवर 48 टक्के कॉटन, 30 टक्के व्हिस्कोस, 22 टक्के पॉलिएस्टर असेल तर कॉटन सर्वांत जास्त दिसतं. पण व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर दोन्ही मानवनिर्मित, त्यांची बेरीज 52. टॉप मानवनिर्मित धाग्यांच्या ओळीत जातो. कॉटन-पॉलिएस्टर वजनाने बरोबर निम्मे-निम्मे असतील तरी तिथेच, कारण बरोबरी झाली की क्रमाने शेवटी येणारं हेडिंग धरतात.

माल बांगलादेशचा असेल तर साफ्ताच्या (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या) शुल्क सवलतीसाठी लागणाऱ्या उत्पत्ती प्रमाणपत्रावरचा कोडही ताडून घ्या. तयार कपडे तिकडून 17 मे 2025 पासून जमिनीच्या मार्गाने आणता येत नाहीत. न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं खुली ठेवली आहेत.

एवढं करूनही शंका राहिली तर दोन वाटा. एक, सीएचएचं (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटचं) मत घेऊन स्वतः कोड भरायचा. वेळ वाचतो, पण 2011 पासून स्वयंमूल्यांकन आहे, म्हणजे कोड आणि शुल्क आयातदारानेच ठरवून भरायचं, त्यामुळे जबाबदारी आयातदाराचीच. दुसरी, मुंबईतल्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज. फी 10,000 रुपये, निर्णयासाठी कायद्याने 3 महिन्यांची मुदत, आणि मिळालेला निर्णय 5 वर्षं चालतो, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर. एकच स्टाइल दर हंगामात आणणार असाल तर हा खर्च बिनधास्त करा. फक्त दिवाळीपुरत्या 200 नगांसाठी थांबलात तर निर्णय येईपर्यंत दिवाळी उलटून जाईल. तिथे नाडी, खिसे आणि लेबल स्वतः तपासून सीएचएकडून कोड लेखी घेतलेला बरा.