वर्षभर खेळलेले गेम: 'बलाट्रो' पहिला, बाकीचे मागून

यंदा माझी झोप सगळ्यात जास्त खाल्ली ती २०२४ साली आलेल्या 'बलाट्रो'नं. दिसायला पोकर, पण खरा पैसा कुठंच लावायचा नाही. रमी खेळणाऱ्याला दोन डावांत कळतो. पहिल्या फेरीला ३०० गुण पुरतात, आठव्या टप्प्याच्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या अवघड फेरीला, लाखभर लागतात. जोकर, म्हणजे डावाला जास्तीची ताकद देणारे खास पत्ते, दीडशे, ठेवायला जागा मात्र पाच. त्यामुळे कुठला विकायचा यावरच डोकं आटतं. 'द प्लँट' हा बॉस तर राजा, राणी, गुलाम सगळे निकामी करतो. राजांच्या जिवावर उभारलेला माझा डाव तिथंच आडवा!

पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) उशिरा खेळले. राजस्थानी झरोके, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, हातात त्रिशूळ. बघतच राहावं असं. मारामारी मात्र तीच ती वाटते आणि कथा ऐन रंगात आल्यावर आटोपते.

'स्टारड्यू व्हॅली'तली शेती झकास. मासेमारी आपल्याला नाही जमत, बाई.

एकच घ्यायचा तर 'बलाट्रो' घ्या. मोबाइलवरही आहे, पण लोकलमध्ये उघडू नका. उतरायचं स्टेशन निघून जाईल.