सेलेकॉक्सिब २०० एमजी: गुडघ्यासाठी चांगली, पण लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरसाठी मनाने सुरू करू नका

आमच्या बाबांना ही कॅप्सूल ऑर्थोच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलीये आणि त्यासाठी खरंच चांगली आहे, चार स्टार त्याचेच, सूज उतरते, जिना चढता येतो आणि आधीच्या पेनकिलरने पोटात आग व्हायची ती होत नाही. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

बाबांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ दुर्बिणीतून काढलीये, बीसीजी (गाठ परत येऊ नये म्हणून पिशवीत सोडतात ते औषध) चालूये, आणि हा कॅन्सर परत परत येतो हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, चेक सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पिशवी परत तपासायची तारीख, जवळ आली की आमच्याकडे कोणी नीट जेवत नाही. अशात एका नातेवाईकांनी सांगितलं की हीच गोळी रोज दोनदा द्या, परत येत नाही, फॉरेनला टेस्टिंग झालंय.

टेस्टिंग झालंय हे खरंय, पण त्याचा रिझल्ट काय आला ते कोणी सांगत नाही. कल्पना चांगलीच होती. या गाठींमध्ये बऱ्याचदा कॉक्स-२ नावाचं एन्झाइम वाढलेलं असतं आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. म्हणून ब्रिटनमध्ये बॉक्सिट नावाची ट्रायल झाली, २००७ ते २०१२ मध्ये ४७२ पेशंट घेतले, सगळ्यांचा गाठ स्नायूपर्यंत न गेलेला कॅन्सर, निम्म्यांना सेलेकॉक्सिब २०० दिवसातून दोनदा असं दोन वर्षं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, बीसीजी किंवा मायटोमायसिन (हेही पिशवीत सोडायचं औषध) मात्र दोन्हीकडे. तीन वर्षांनी गोळीवाल्यांत ६८ टक्के लोकांना कॅन्सर परत आलेला नव्हता आणि दुसरीकडे ६४ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो, म्हणजे फायदा सिद्ध झाला नाही. टी-वन स्टेजवाल्यांत (गाठ आतल्या अस्तराच्या खाली गेलेली, पण स्नायूपर्यंत नाही) थोडा बरा रिझल्ट दिसला, पण तो छोटा गट, त्यावर घरच्या घरी गोळी सुरू करणं मला तरी पटत नाही.

आणि हार्टचं बघा. गंभीर त्रास गोळीवाल्यांत ५.२ टक्के, दुसऱ्यांत १.७. हे आकडेही लहानच आहेत, पण याच जातीची व्हायॉक्स २००४ मध्ये हार्टच्याच कारणाने बाजारातून काढून घेतली होती, त्यामुळे मी ते हलकं घेणार नाही. पिशवीच्या कॅन्सरचे पेशंट बहुतेक वयस्कर, त्यात बरेच सिगरेट ओढलेले, म्हणजे हार्टची काळजी आधीच असते. सिगरेट सुटली नसेल तर आधी ती सोडवा आणि दुर्बिणीची एकही तारीख चुकवू नका, प्लीज.

गुडघ्यासाठी चालू असेल तर युरॉलॉजिस्टना नक्की सांगा, बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मेडिकलमधून घ्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, अशा पेशंटना ही गोळी चालत नाही.